झरीचा निजलेला उतार

नाशिकच्या स्टँडवर मी मांडीवर उशी घेऊन बसले होते. पिशवीत दोन लुगडी, गोळ्यांची पुडी आणि दवाखान्याचा कागद. डहाणूची गाडी लागायला वेळ होता. शेजारच्या म्हाताऱ्याने आधी उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठल्या देवाला निघालात, मावशी?"

"देवाला नाही."

"मग लेकीचं बाळंतपण?"

"नाही."

"लग्न असेल."

"झोपायला चाललेय," मी म्हटलं.

तो जरा सरकून बसला. त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे बाई घर सोडते ती देवासाठी, कुणाच्या बाळंतपणासाठी, नाहीतर मयतीला. सत्तरीची बाई स्वतःच्या अंगासाठी अडीच महिने परगावी जाते, हे तोवर मीही ऐकलं नव्हतं. परत आल्यावर गावातल्या बायका विचारत राहिल्या, कुठं गेली होतीस, काय केलंस. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी दुखणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अकरा वर्षं माझं अंग बाहेर येत होतं. बायकांना याचा अर्थ सांगावा लागत नाही, पुरुषांनी आपापल्या घरात विचारावा. ओझी उचलून उचलून गर्भपिशवी जागची सुटते आणि खाली उतरते. मी फडकं बांधून काम रेटत राहिले. कांद्याच्या पाट्या उचलल्या, द्राक्षाच्या जाळ्या उचलल्या, नातवंडं कडेवर घेतली. माघात वावरात चक्कर येऊन पडले, तेव्हा लेकाने, दत्तूने, दवाखान्यात नेलं. पिशवी काढली, टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की तीन महिने भरली कळशीसुद्धा उचलायची नाही. तांब्या चालेल.

बारा दिवस मी ऐकलं. तेराव्या दिवशी दारात पाण्याचा टँकर आला. सून मंदा रानात होती. पाणी वाहून जाताना बघवेना, म्हणून मी दोन बादल्या उचलून आत नेल्या. संध्याकाळी परत त्याच खाटेवर होते.

डॉक्टरीणबाई या वेळी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, पुन्हा शिवलंय. तिसऱ्यांदा शिवायला तिथे धड कातडं राहणार नाही. घरी राहिलात तर तुम्ही उचलणारच. जिथे तुमचं काही काम नाही अशा ठिकाणी जा."

असं ठिकाण मला आठवेना. सगळीकडे मी कामालाच गेले होते. शेवटी धाकट्या बहिणीची मुलगी सुलभा आठवली. ती तलासरी तालुक्यात झरी गावाला नर्स आहे, एकटी राहते. तिला फोन केला तर म्हणाली, "मावशी, उद्या ये म्हटलं तरी येशील का?" होळी झाली, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि मी निघाले.

दत्तू स्टँडवर सोडायला आला होता. तोंड फुगलेलं.

"कांदा काढायला आलाय आणि तू चाललीस."

"मी तुझा ट्रॅक्टर आहे का?"

"तसं नाही गं आई..."

"तसंच आहे. ट्रॅक्टर बिघडला की गॅरेजला नेतोस. मी माझी मी चाललेय."

गाडी त्र्यंबकेश्वराच्या पुढे गेली आणि घाट सुरू झाला. मोखाड्यापर्यंत वळणंच वळणं. उशी आधी खाली घेतली, मग पोटाशी धरली. प्रत्येक खड्ड्याला मी टाके मोजत होते. कंडक्टर भला माणूस. त्याने मला पुढच्या बाकावर बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जरा हळू, पुढे काचेचं सामान आहे." सगळी गाडी हसली. मलाही हसायचं होतं, पण हसलं तरी दुखत होतं.

बाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं. डोंगर वाळलेले, पण पळस पेटल्यासारखे फुललेले. जव्हारला गाडी थांबली. चहाच्या टपरीवरच्या बाईने माझी उशी बघून काही न विचारता खुर्ची आणून दिली, चहाही जागेवर दिला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुपारी चारोटी नाक्याला उतरले. मोठा हायवे, गुजरातच्या पाट्यांचे ट्रक एकामागे एक. सुलभा उभीच होती. तिथून जीपने तलासरी. बाजारात दुकानांवर मराठी पाटी, तिच्या शेजारी गुजराती. दुकानदाराने सुलभाशी बोलणं गुजरातीत सुरू केलं, भाव मराठीत सांगितला आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हिंदीत थांबायला सांगितलं. तिथे तीन भाषा येणं हे काही शिक्षण समजत नाहीत. मी चौथी शिकलेली, मला एकच येते, ती मी जपून वापरली.

तलासरीहून रिक्षा झरीला गेली. सुलभाच्या दोन खोल्या एका पाड्याच्या (वस्तीच्या) कडेला आहेत. समोर वाट, वाटेवर हातपंप, पंपापलीकडे चैतीबायचं कुडाचं घर, शेणाने सारवलेलं. घराखाली भाताची खाचरं, कापून रिकामी झालेली. घरामागे डोंगराचा लांबलचक उतार, त्यावर नुसतं वाळलेलं गवत. मी आले त्या दिवशी दारात बसून तो उतार बघितला आणि मनात म्हटलं, आळशी माणसं.

पहिले आठ दिवस मी आणि सुलभा भांडलो. ती पाड्यापाड्यांत लशी द्यायला सकाळी जायची आणि मी झाडू हातात घ्यायचे. एकदा तिने झाडू वर माळ्यावर टाकला. मी पदराने ओटा पुसला. तिने मला खाटेवर बसवून विचारलं, "मावशी, तुला खरंच बरं व्हायचंय का?" मी म्हटलं, "मग काय मरायला आलेय?" ती म्हणाली, "मग काम करून दाखवणं बंद कर. इथे बघायला कुणी नाही."

तेही खोटं होतं. बघायला चैतीबाय होती. माझ्याच वयाची, काटकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. ती रोज पंपावर यायची, भरलेल्या हंड्यावर भरलेली कळशी चढवायची आणि मान न हलवता चालू लागायची. तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"तू बसूनच असतेस. आजारी हाय का?"

"ऑपरेशन झालंय."

"कसलं?"

मी सांगितलं. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावतात. ती जोत्यावर टेकली आणि म्हणाली, "मंग बस. आमच्याकडे पण होतंय." एवढंच.

मी बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "हा मागचा उतार कुणाचा?"

"आमचाच."

"एवढी जमीन पडीक ठेवलीत? आमच्याकडे बांधसुद्धा सोडत नाहीत."

"पडीक नाय. निजलीय."

"जमीन कधी निजते का?"

"तुमच्याकडे निजवत नसतील," ती म्हणाली आणि उठून गेली. मला वाटलं, कामचुकारपणाला बरं नाव शोधलंय.

आता माझी चूक सांगते. पंधरा दिवस झाले होते. दुखणं थांबलं होतं. वरची जखम कोरडी, खपली धरलेली. सकाळी पंपावर चैतीबाय आणि तिची सून सविता पाणी भरत होत्या. सुलभा कामावर गेली होती. चैतीबायने नेहमीप्रमाणे दोन भांडी डोक्यावर चढवली. ती माझ्याएवढीच आहे, हे मला रोज सलत होतं. आमच्या गावात मी तीन वेशींपलीकडून पाणी आणलेली बाई. पंपाखाली सुलभाचा हंडा भरून वाहत होता. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मी वाकले आणि हंडा कमरेवर घेतला.

चार पावलांवर आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. आणखी दोन पावलांवर पायाला ओल लागली. मला वाटलं पाणी सांडलं. पाणी नव्हतं.

चैतीबायने डोक्यावरची भांडी वाटेतच उतरवली, कळशी लवंडली तरी बघितलं नाही. दोघींनी मला धरून त्यांच्या घरात खाटेवर घातलं, पायाखाली गोधडी सारली. सविता सुलभाला बोलवायला धावली. चैतीबाय उशाशी बसली. मी म्हटलं, "ओरड मला."

"कशाला? तू काय ऐकणार हाय?"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुला शाबासकी कोण देणार होता? मी? मला तर तुझा हंडा दिसला पण नाय."

मला आयुष्यात पुष्कळांनी बोल लावले, पण हा बसला तसा एकही बसला नाही.

सुलभाने जीप आणली. डहाणूला जायला तासाच्या वर लागला. मागच्या बाकावर मी आडवी, डोकं चैतीबायच्या मांडीवर. ती कामाचा दिवस टाकून आली होती, मला हे नंतर सुचलं. तेव्हा एकच विचार होता की शिवण सुटली असेल तर संपलं. मरणाची भीती मला फार नाही. पण उरलेली वर्षं फडक्यावर काढायची, कुणाच्या तरी हाताने धुवून घ्यायचं, त्याची भीती वाटली. ती मी लपवत नाही.

डहाणूच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "टाके धरून आहेत. थोडक्यात वाचलात. वरून भरलेलं दिसतं तेव्हा आत कच्चंच असतं, आजी. तीन आठवडे पडून राहा. त्यानंतर चाला. उचलणं मात्र दिवस पुरे झाल्याशिवाय नाही."

त्या तीन आठवड्यांबद्दल मला पाड्याचे आभार मानायचे आहेत, ते इथे मानते. सविता रोज सुलभाचा हंडा आधी भरायची, मग स्वतःचा. पलीकडच्या घरातली एक बाई नागलीची (नाचणीची) आंबील आणून ठेवायची आणि भांडं न्यायला संध्याकाळी यायची, म्हणजे मला उठून द्यावं लागू नये. सुलभाने रजा मागितली, मिळाली तेवढी घेतली. कुणी माझ्यावर दया दाखवली नाही. त्यांच्या लेखी मी एक पडलेली बाई होते आणि पडलेल्या बाईचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं असतं. मी आंबीलवालीला म्हटलं, "तुझं कसं फेडू?" ती म्हणाली, "मी पडेन तवा तू कठं येणार हाय! भांडं रिकामं कर."

खाट दाराशी ओढून घेतली होती. समोर तोच उतार. खालच्या खाचरांत लोक राब भाजत होते, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळत होते. उतारावरचं गवत कापून त्यासाठीच खाली आणत होते. चैतीबाय दुपारी मोहाची फुलं वाळत घालून माझ्यापाशी येऊन बसायची. एका दुपारी मी विचारलं, "ती जमीन निजते म्हणजे काय ते सांग."

तिने बोटांवर सांगितलं. ही वरकस जमीन, म्हणजे उताराची, माती पातळ. पहिल्या पावसाळ्यात नागली लावायची. दुसऱ्याला वरई. तिसऱ्याला उडीद. त्याच्यापुढे ती थकते. मग चार पावसाळे तिला हात लावायचा नाही.

"आणि लावला तर?"

"माझ्या लेकाने लावला ना." लेक म्हणजे सविताचा नवरा. "दुसऱ्याच पावसाळ्याला. म्हणाला, बघ आयस, किती हिरवी झालीय. मी म्हटलं, थांब. नाय थांबला. नागली लावली. रोप आलं, उंच पण आलं. कणसात दाणा नाय. गाईने पण तोंड फिरवलं." ती हसली, मग म्हणाली, "गवत आलं म्हंजी भुई उठली, असं नाय. वरून हिरवी दिसते, आतून निजलेलीच असते. त्या वर्षापासून परत पहिल्यापासून मोजायला लागलं."

डहाणूच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, त्यांना तपासणी करावी लागली होती एवढंच.

"पण तेवढे दिवस ती काहीच देत नाही," मी तरी म्हटलं. सवय जात नाही.

"कोण म्हणतो? गवत देते. राब त्याच्यावरच होतो. निजलेली हाय, मेली नाय."

तीन आठवडे झाले आणि मी उठून चालायला लागले. पंपापासून चिंचेपर्यंत आणि परत. फोनला रेंज चिंचेखालीच मिळते. तिथेच एका सकाळी दत्तूचा फोन आला. चैतीबाय शेजारी सुपात मोहाची फुलं निवडत होती.

"आई, कधी येतेस?"

"वैशाख संपला की."

"अगं एवढे दिवस? कुरडयांचं काय? मंदाने गहू भिजत घातलेत. आत्याच्या, काकूच्या, सगळ्यांच्या कुरडया आपल्याकडेच होतात."

"मग करा."

"चीक कोण घोटणार? मंदाच्या हातून गुठळ्या होतात."

"पहिल्या वर्षी माझ्याही झाल्या होत्या. तुझ्या बापाने मुकाट खाल्ल्या."

"बरं, तू काहीच करू नकोस. नुसती खुर्चीवर बसून सांग. उद्या गाडी घेऊन येतो."

हे ऐकायला गोड होतं. तो खोटं बोलत नव्हता. पण गहू तीन दिवस भिजलेला असतो, चीक चुलीवर चढलेला असतो, पातेलं दोघींनी उतरवायचं असतं आणि दुसरी बाई जवळ नसते. तेव्हा मी खुर्चीवर बसून राहीन का? राहणार नाही. मला दत्तूचा नाही, माझाच भरवसा नव्हता.

"दत्तू, द्राक्षाची बाग उतरली का?"

"आठ दिवस झाले. का?"

"छाटणी केलीस?"

"लगेच कशी करणार? वेलीला विश्रांती नको? ताण पडलेला असतो तिच्यावर. अजून पंधरा दिवस तरी..." तो बोलता बोलता थांबला.

"बोल ना. वेल मागते का विश्रांती?"

"आई, ते वेगळं."

"वेगळं कसं? तिने एका हंगामाचा माल दिला. मी पन्नास वर्षं दिलाय. तिला बोलता येत असतं तर तिलाही तू कुरडया घोटायला बोलावलं असतंस."

मग म्हणाला, "जेवतेस ना नीट?"

"जेवते. मंदाला सांग, चीक खालून वर घोटायचा, कडेने नाही. आणि पातेलं उतरवायला तू जा."

फोन ठेवला. भांडण मला नवं नाही. पण घरचं काम समोर असताना "येत नाही" असं मी कधी म्हटलं नव्हतं, सासूला नाही, नवऱ्याला नाही, लेकाला नाही. चैतीबायने मान वर न करता विचारलं, "चाललीस काय?"

"नाही."

"मंग ह्यातला काडी-कचरा काढ. बसून होतंय." आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

वैशाखात अंगात बळ आलं. सुलभाला रविवारची सुट्टी होती, ती म्हणाली, चल, तुला समुद्र दाखवते. डहाणूच्या वाटेवर गंजाड लागतं. तिथे मिरचीचे प्लॉट हिरवेगार, बायका वाकून तोडणी करत होत्या. गाडीतून बघताना माझी कंबर आपोआप दुखली. पुढे चिकूच्या वाड्या सुरू झाल्या, रस्ता सावलीत गेला. एका वाडीच्या दारात चिकू विकायला ठेवले होते. मी दाबून बघायला लागले तर माळीणबाईने हातातून काढून घेतला.

"आजी, दाबू नका, काळा पडेल. झाकून ठेवा, तो त्याचा पिकतो."

सगळ्या तालुक्याने मला शिकवायचं ठरवलं होतं.

सत्तर वर्षांत समुद्र पहिल्यांदा बघितला. तो मोठा आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही. पाणी पायापाशी आलं आणि परत गेलं, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी सुरूच्या झाडाखाली बसून तीन ताडगोळे खाल्ले, थंडगार, गोड. सुलभा म्हणाली, "काय विचार करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." खरंच काही नव्हता. हे मला इतकं नवीन होतं की ते लक्षात राहिलं.

तिथून चिंचणीला गेलो. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत घातलेले, वास गाडीतून उतरण्याआधीच येतो. एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, चाळिशीची, दणकट, दागिन्यांनी भरलेली.

"घे ना आये, पावसाळ्याची बेगमी. ही पिशवी भरून देते."

"भरून नको. मला उचलता येत नाही. थोडे दे."

"बघ, नाटकं करते! माझ्याकडे बघ, वीस वर्षं डोक्यावर टोपली."

मला राग आला नाही. मी तिला माझं दुखणं जसं आहे तसं सांगितलं, दोन वाक्यांत. तिचे हात थांबले. इकडेतिकडे बघून ती पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "बरं व्हायला किती दिवस लागतात गं?"

"तुला कधीपासून आहे?"

"दोन वर्षं."

सुलभा खाली बसली आणि तिच्याशी बोलत राहिली. कुठे जायचं, कुणाला दाखवायचं, ते सगळं सांगितलं. निघताना कोळणीने मला बोंबील दिले ते मोजके दिले आणि पिशवी सुलभाच्या हातात दिली, माझ्या नाही.

परतताना डहाणूच्या बाजारात मी एक कळशी घेतली. पितळेची, दोन तांबे पाणी मावेल एवढीच. दुकानदार म्हणाला, "नातीला खेळायला?"

"मला पाणी भरायला."

त्याने कागदात गुंडाळून दिली.

वैशाख संपला. निघायच्या दिवशी चैतीबाय जीपपर्यंत आली. मी तिच्यासाठी डहाणूहून लुगडं आणलं होतं. तिने उलगडून बघितलं, म्हणाली, "लांब हाय. फाडून दोन होतील." आम्ही गळ्यात पडलो नाही. तिने माझी उशी जीपमध्ये बाकावर टाकली आणि हाताने थापटून सारखी केली.

मी घरी आले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "भरलं, आजी. आतूनही." मी दोनदा विचारून घेतलं.

कुरडया डब्यात होत्या. निम्म्या गुठळ्यांच्या, काही जळक्या रंगाच्या. तळून खाल्ल्या. चव गव्हाचीच होती. पातेलं उतरवताना दत्तूचा हात भाजला होता. तो दाखवायला आला, तेव्हा मी हळद लावली.

माझी छोटी कळशी बघून गल्लीतल्या बायका हसल्या. म्हातारी भातुकली खेळते म्हणाल्या. मी चार खेपा घालते, एकीऐवजी. मला घाई नाही.

मी आल्यापासून मंदा गप्प होती. मला वाटलं, अडीच महिने एकटीवर काम पडलं म्हणून रागावली असेल. एका दुपारी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, मलाही होतं."

"काय होतं?"

"तुम्हाला होत होतं तेच."

"कधीपासून?"

"धाकट्याच्या वेळेपासून."

धाकटा सहा वर्षांचा आहे. सहा वर्षं एका घरात, एका दोरीवर, आम्ही दोघी आपापली फडकी लुगड्याखाली लपवून वाळत घालत होतो. तिने मला बघितलं होतं. मी उचलत होते, म्हणून तीही उचलत राहिली. हे तिला मीच शिकवलं. बाकी कशाचं मला फारसं वाईट वाटत नाही, याचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. ही वेळेवर आली आहे, कापायला नको, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. व्यायाम सांगितले आणि उचलणं बंद केलं. आता मोठी भांडी दत्तू भरतो. पहिले चार दिवस तो दाराआड भरायचा, लोक बघतील म्हणून. आता अंगणात भरतो. मंदाने स्वतःसाठी माझ्यासारखी कळशी मागवली आहे.

परवा चैतीबायला फोन लावला. सविताने चिंचेखाली नेऊन तिच्या हातात दिला असणार, कारण ती मोठ्याने ओरडतच बोलली. मी मंदाचं सांगितलं. ती म्हणाली, "बोलली ती बरी झाली." मग मी विचारलं, "उतार कधी जागा होणार?"

"अजून दोन पावसाळे. तवा नागली."

"तोवर मी असेन का?"

"असलीस तर ये. नसलीस तर नको येऊस."

"असले तर येते मंदाला घेऊन. दोघी निंदायला लागू."

"निंदायला सविता हाय," चैतीबाय ओरडली. "तुम्ही बसायला या."